‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर असू शकत नाही

‘डिजिटल इंडिया’च्या जाहिरातींत रांग नसते. रेशन दुकानासमोर ती असते. ई-पॉस मशिनवर बोट ठेवायचे, मशिनने नकार द्यायचा आणि दुकानदाराने सांगायचे, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ रोजंदारीवर जगणाऱ्या बाईसाठी उद्या येणे म्हणजे कामाचा आणखी एक खाडा.

चळवळीतल्या अनेक मित्रांना हा विषय ‘टेक्निकल’ वाटतो. तलाक, शिक्षण, रोजगार, द्वेषाचे राजकारण हे आपले प्रश्न. वीज, सर्व्हर आणि सायबर हल्ले इंजिनिअर व पोलिसांनी बघावेत, असे ते म्हणतात. मला हे मान्य नाही. धान्य, औषध, पगार आणि वीज या चारही गोष्टी आता एकाच तारेवर लटकत असतील, तर ती तार कोणाच्या भरवशावर आहे हे विचारणे हा नागरिकत्वाचाच प्रश्न आहे. ती तुटल्यावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात कोण पडतो, हे आपल्या मोहल्ल्यांना सांगायला नको.

१२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि तेही कोविडच्या काळात. बाहेरचे ग्रीड कोसळले तरी शहराने वेगळे होऊन आपली वीज चालू ठेवावी, यासाठी मुंबईत ‘आयलंडिंग’ची व्यवस्था पूर्वीपासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगितली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक असल्याचे सांगितले. अंधार एक, सरकारे दोन, कारणेही दोन. नागरिकाने कोणावर विश्वास ठेवायचा?

दिल्लीचे एम्स घ्या. २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअरने तिथले सर्व्हर कुलूपबंद केले. जवळपास दोन आठवडे नोंदणी, तपासण्या, अहवाल सगळे हाताने चालले. सरकारने नंतर संसदेत सांगितले की नेटवर्कचे नीट विभाजन केलेले नव्हते. साध्या भाषेत, एका खोलीतली आग दुसरीत जाऊ नये म्हणून मधे जी भिंत हवी, ती नव्हती. तरीही रुग्णालय बंद पडले नाही, कारण तिथे कागद होता आणि कागदावर काम करता येणारी माणसे होती. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले, तेव्हाही आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास कामी आले.

त्यानंतर दोनच आठवड्यांत छोट्या बँकांची पाळी आली. सी-एज टेक्नॉलॉजीज या एका पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने खबरदारी म्हणून त्याची जोडणी तोडली. सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत आली. पण तीनशे बँकांची दारे एकाच कुलपाच्या मागे होती, हे ग्राहकांना त्या दिवशी कळले.

आता दुसरी बाजू. तार फक्त शत्रूच तोडतो असे नाही. ५ ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले. फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात हिंसाचारानंतर इंटरनेट बंद केले गेले. ज्याचे दुकान फुटले, त्याचे यूपीआयही त्याच वेळी बंद. सगळे व्यवहार तारेवर आणा म्हणणारे सरकार स्वतःच ती तार कापते, तेव्हा पर्यायाची जबाबदारी कोणाची?

यावर उत्तर ठरलेले असते : डिजिटलमुळे बोगस कार्डे गेली, दलाल गेले. काही प्रमाणात ते खरे आहे. मलाही दलालाची वही परत नको आहे. पण गाडीत स्टेपनी ठेवणारा माणूस गाडीच्या विरोधात नसतो. आणि ‘सुरक्षा वाढवायची तर नागरिकांवर नजर वाढवावी लागेल’ हे दुसरे उत्तर तर सरळ फसवे आहे. एम्समधली उणीव चौकाचौकात कॅमेरे लावून भरली नसती. ती नेटवर्कमध्ये भिंत बांधून भरते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मशिन चालले नाही तर रेशन त्याच दिवशी नोंदवहीवर सही किंवा अंगठा घेऊन मिळाले पाहिजे, आणि हा नियम दुकानाच्या भिंतीवर मराठी व उर्दूत लावलेला असला पाहिजे. रुग्णालय, बँक, वीज कंपनी यांनी वर्षातून एकदा संगणकाविना काम करण्याची रंगीत तालीम करावी. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते. सेवा का बंद पडली आणि किती लोक परत गेले, हे जनतेलाही कळले पाहिजे. इंटरनेटबंदीच्या आदेशात दवाखाना, पगार आणि धान्य यांची पर्यायी सोय लिहिलेली असली पाहिजे.

आणि बोट फक्त सरकारकडे दाखवून चालणार नाही. आपल्या किती घरांत बाईच्या बँक खात्याला नवऱ्याचा किंवा मुलाचा मोबाईल नंबर जोडलेला आहे? ओटीपी त्याच्याकडे जातो, पैसे तिचे असतात. तो रागावला, सोडून गेला किंवा त्याचा फोन हरवला की तिच्यासाठी रोजच ‘सर्व्हर डाऊन’. आपल्या किती जमातींचा आणि ट्रस्टांचा हिशेब एका माणसाच्या लॅपटॉपवर आहे? अमानत, अमानत म्हणतो आपण. ज्याचे त्याला वेळेवर मिळेल याची सोय न करणारा अमानतदार कसला?

काम लहान वाटेल, पण ते आजपासून करता येते. मोहल्ल्यात दोन तरुणांनी वही घ्यावी. मशिनने कोणाला, कोणत्या तारखेला परत पाठवले ते लिहावे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत. तक्रार तिथे लेखी द्यावी, पोच घ्यावी, उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा. रांगेत शेजारी उभी असलेली दलित, आदिवासी, हिंदू बाईही त्याच मशिनसमोर ताटकळते. तिचे नाव त्याच वहीत यावे. धान्य तिच्या हक्काचे आहे, सर्व्हरच्या मेहेरबानीचे नाही, हे अशा भरलेल्या वह्या घेऊनच सरकारला सांगता येईल.