डोंगळ्याला बांध कळत नाही

निफाड, येवला, चांदवडकडचा शेतकरी डोंगळ्यासाठी, म्हणजे बी धरायला लावण्यासाठी, कांदा निवडतो तेव्हा डोळ्यांत तेल घालून निवडतो. जोडकांदा बाजूला, जाड मानेचा बाजूला. चाळीत टिकलेला, गोल, एकरंगी कांदा तेवढा लागवडीला. एन-५३, एन-२-४-१ या नामांकित जाती नाशिकच्या स्थानिक कांद्यातून अशाच निवडीने घडल्या. पण ही सगळी मेहनत फुलोऱ्यात वाया जाऊ शकते, आणि त्याकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही.

डोंगळ्याच्या एका गोंड्यात शेकडो फुलं असतात. फूल उमललं की त्याचे सहा पुंकेसर आधी पराग सोडतात. तेव्हा स्त्रीकेसर आखूड आणि कच्चा असतो. तो दोन-तीन दिवसांनी तयार होतो, तोवर त्या फुलाचा स्वतःचा पराग संपलेला असतो. म्हणजे पराग दुसऱ्या फुलातून यायला हवा, आणि तो आणते मधमाशी. ही रचना उगाच नाही. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवलेला कांदा खुजा, कमजोर होत जातो.

आता शेजारच्या रानात वेगळ्या जातीचे डोंगळे असले, तर माशी त्यांचाही पराग घेऊन येणार. बी तुमच्या गोंड्यातलं, बाप मात्र पलीकडच्या शेतातला! भेसळ बियाकडे बघून ओळखू येत नाही. ती पुढच्या हंगामात रंग, आकार आणि टिकाऊपणातून बाहेर पडते. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटभोवती ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्याभोवती १००० मीटर अंतराचा नियम आहे. दोन-तीन एकरांच्या मालकाने एवढं अंतर आणायचं कुठून?

संकरित बियाण्याचा मार्ग आहे. १९२५ साली कॅलिफोर्नियात हेन्री जोन्स यांना पराग न देणारं कांद्याचं झाड सापडलं. हा दोष आईकडून येणाऱ्या पेशीद्रव्यात आणि केंद्रकातल्या एका जनुकात मिळून असतो, हे १९४३ पर्यंत उलगडलं. अशा झाडाला स्वतःचा पराग नसल्याने हव्या त्या जातीशी त्याचा संकर करता येतो, आणि त्यावर जगभरचं संकरित कांदा बियाणं उभं राहिलं. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने काढलेले अर्का कीर्तिमान, अर्का लालिमा हे आपल्याकडचे संकर. पण संकराचं बी घरी धरून चालत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. घरचं बी ही नाशिकच्या कांदा उत्पादकाची ताकद आहे, ती गमावू नये असं मला ठामपणे वाटतं.

त्यासाठी बियाण्याचा विचार आपल्या शेतापुरता न राहता अख्ख्या शिवाराचा व्हायला हवा. एका शिवारात डोंगळ्यासाठी एकच जात, हे गावाने मिळून ठरवावं. फुलकिड्यांवर फवारणी फुलोऱ्याच्या आधी उरकावी. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं तर माशी मरते आणि गोंडे पोचट राहतात. कृषी खात्याने बियाणे गावांना मधपेट्या द्याव्यात, आणि हे सगळं ऑक्टोबरात, डोंगळ्याचा कांदा जमिनीत जाण्याआधी ग्रामसभेत ठरलेलं असावं.