डबक चाळीतली खोली

६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेली रांग दादरभर पसरते. त्या रांगेतून थोडं बाजूला होऊन परळपर्यंत चालत जावं, असं मला दरवर्षी वाटतं.

सुभेदार रामजी सकपाळ मुलांना घेऊन मुंबईत आले, ते परळच्या डबक चाळीत. खोली एकच. तिच्यातच चूल, सरपण आणि माणसं. अभ्यासाला जागा नाही, म्हणून वडिलांनी वेळ शोधली. भीमराव लवकर झोपायचा. सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला उठवून त्याच्या जागी आडवे व्हायचे. पुढे दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचन. पुस्तकासाठी पैसे नसले, तर सुभेदार लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणत आणि गहाण टाकत. विद्वत्तेबद्दल आपण भरभरून बोलतो. त्या बहिणींच्या दागिन्यांबद्दलही बोलायला हवं.

शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी आपलं बुद्धचरित्र त्याच्या हाती दिलं. पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याला नेलं तेही त्यांनीच.

१९४७ साली देशाचे पहिले कायदेमंत्री झालेल्या बाबासाहेबांवर लिहिलेलं पुष्कळ आहे. या अंकात आम्ही त्याआधीच्या परळमध्ये थांबलो आहोत: डबक चाळ, मग बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या, आणि १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची बैठक भरली तो दामोदर हॉल.