‘मैच’मधला ‘च’

सातारची आमची भाची गेल्या वर्षापासून जपानी शिकते आहे. परवा फोनवर म्हणाली, “मामू, हा ‘कोसो’ काही डोक्यात बसत नाही.”

कुणी आभार मानले की जपानी माणूस ‘कोचिरा कोसो’ म्हणतो. ‘कोचिरा’ म्हणजे इकडची बाजू. तिला ‘कोसो’ जोडला की अर्थ होतो, आभार तर मीच मानायला हवेत. आम्ही म्हणालो, “अगं, हा तर आपला ‘च’!” तिकडे एकदम शांतता.

या ‘च’वरूनच घरात कुरबूर चालू आहे, हे आम्ही विसरलो होतो. पुण्याहून एक स्थळ आले आहे, माणसे मूळची लखनौकडची. पाहुण्यांसमोर तोंडून ‘मैच’, ‘अब्बीच’, ‘नक्को’ निघता कामा नये, असे आपांनी लेकीला बजावले आहे. तेव्हापासून पोरगी घरात मोजके बोलते. मिरजेच्या नानीशीसुद्धा फोनवर हां-नाही एवढेच.

मग आम्ही मामा-भाची त्या ‘च’लाच धरून बसलो. ‘मैच जाऊंगी’ म्हणजे दुसरे कुणी नाही, मी. ‘मै जाऊंगीच’ म्हणजे काही झाले तरी जाणार. ‘आतीच’ म्हणजे या घडीला निघाले. ‘वोच’ म्हणजे तोच तो, आणि ‘ऐसाच’ म्हणजे काही कारण नाही, सहज. अक्षर एक, पण जागा बदलली की काम बदलते. मराठीत मीच जाईन, जाईनच, आलेच, तोच, असंच हे अगदी याच चालीने जाते.

जपानीत हीच कामे वेगवेगळ्या शब्दांत वाटलेली आहेत. ‘कोण जाणार?’ असे विचारल्यावर ‘वाताशी गा इकिमासु’ म्हटले की त्यातला ‘गा’ आपल्या ‘मीच’चे काम करतो. फक्त मी, एवढेच सांगायचे तर ‘दाके’. मान दुसऱ्याकडून स्वतःकडे किंवा स्वतःकडून दुसऱ्याकडे वळवायचा तर ‘कोसो’. नक्की जाईन यासाठी ‘कानाराझु’ आणि लगेच यासाठी ‘सुगु’, हे तर वेगळे शब्दच. भाची वहीत लिहून घेत होती. म्हणाली, “म्हणजे नानीच्या एका ‘च’ला जपानीत चार-पाच जण लागतात!”

आता आपांच्या तक्रारीकडे. त्यांना वाटते, ‘च’ म्हणजे बिघडलेली उर्दू. साफ उर्दूत ‘उसी को’ म्हणतात. तिथे ‘ही’ आधी ‘उस’ला चिकटतो आणि ‘को’ मागून येतो. आपण म्हणतो ‘उसकूच’. मराठीत ‘त्यालाच’. म्हणजे आपण मराठीचा नुसता ‘च’ घेतला नाही, तो कुठे बसवायचा तो कायदाही घेतला. बिघडलेल्या भाषेला असा कायदा नसतो.

हे सांगलीकरांना नवे नाही. कुपवाडात मुसलमान उर्दू बोलतात, जैन कन्नड आणि बाजारात सगळेच मराठी. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी 1971 साली दाखवून दिले की शेकडो वर्षांच्या शेजारामुळे तिथल्या या भाषांची वाक्यरचना जवळजवळ एकच झाली आहे. शब्द मात्र ज्याचे त्याने राखले. भाषाशास्त्राचे विद्यार्थी जगभर कुपवाडचे नाव वाचतात. आपल्याकडे ते एमआयडीसीमुळेच माहीत!

आणि लखनौचा एवढा धाक कशाला? विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नवरस’ दखनीतच लिहिली. दिल्लीच्या शायरांना फारसी सोडून आपल्या बोलीत गझल लिहिण्याची वाट ज्याने दाखवली, तो वलीही दखनीच. पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बोलावे, तो अदब आहे. आपांचे तेवढे बरोबर. पण नानीशी कुणाच्या भाषेत बोलायचे?

रविवारी भाचीने मिरजेला फोन लावला आणि सगळा ‘कोसो’ ऐकवला. नानी म्हणाली, “वो सब ठीक है, जपानी में नक्को कू क्या बोलते?”

“कुणी चहा विचारला आणि नको असेल तर ‘केक्को देसु’ म्हणतात, नानी.”

“केक्को?” नानीला हसू आवरेना. “देख, नक्को-केक्को एकच है!”

भाचीने समजावले की हा नुसता योगायोग आहे, त्या शब्दाचा आपल्याशी काही संबंध नाही. नानीने ऐकले नाही. आता मिरजेच्या घरी चहा नको असला की सगळे ‘केक्को’ म्हणतात.