सहल की वरात?

दिवाळीच्या सुटीत आमचा वऱ्हाडी माणूस अकोल्यास नाहीतर बडनेऱ्यास रात्रीच्या गाडीत बसतो, सकाळी मुंबईस उतरतो आणि घारापुरी, कान्हेरी, अलिबाग एका दिवसात उरकू पाहतो! याला सहल म्हणावे की वरात? माझे म्हणणे साधे आहे: दिवसाला ठिकाण एकच.

घारापुरीस गेटवेहून लाँचने तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद. पायऱ्या चढून आलेल्या आजीला त्या २० फुटी त्रिमूर्तीपुढे घटकाभर टेकू द्याल की नाही? कान्हेरीची लेणी शंभरावर आहेत. ती काय धावत मोजायची? अलिबागचा कुलाबा किल्ला तर आपल्या घड्याळाला जुमानतच नाही. ओहोटीला पायी जावे, भरतीला अडकून बसावे. शिवाय ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. तेव्हा आधी वेळ विचारावी ती तिथल्या कोळ्याला, मग बेत आखावा.

“एवढा खर्च केला, मग सगळे पाहू नये काय?” असे कोणी विचारील. अहो, पोरांच्या पदरी नुसती धाप पडली, तर खर्च वसूल झाला कसा? गाविलगड धावतपळत पाहून होत नाही, हे अमरावतीकराला पक्के ठाऊक असते. मग समुद्र दिसताच ते शहाणपण का बुडावे?