दर दोन वर्षांनी स्विच मारणाऱ्यांसाठी

आपल्या लायनीत एका कंपनीत पाच वर्षं काढली की मित्र विचारतात, "काय रे, तिथूनच रिटायर होणार का?" अशा वेळी मला ब्रेंडा मिलनर आठवतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक. नव्वदी उलटली तरी बाईंचं संशोधन चालूच होतं!

१९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबवायला सर्जनने त्याच्या मेंदूचा थोडा भाग दोन्ही बाजूंनी काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवं काही लक्षात राहणंच बंद. मिलनर मॉन्ट्रियलहून रात्रीच्या ट्रेनने त्याला भेटायला जायच्या. त्याच्या लेखी दरवेळी पहिलीच भेट.

१९५७ च्या पेपरात हे सगळं आलं, नाव झालं. तिथे थांबता आलं असतं. पण मिलनर चाचण्या घेतच राहिल्या. त्यातली एक म्हणजे आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायची (करून बघा, हात पार उलटा पळतो). तीन दिवसांत हेन्रीचा हात सफाईदार चालायला लागला, आणि आपण हे आधी केलंय याचा त्याला पत्ताच नाही! म्हणजे प्रसंग आठवणं वेगळं, हाताला वळण लागणं वेगळं. काय गेलं हे पहिल्या पेपरात कळलं होतं. काय उरलंय हे चिकाटीमुळे कळलं. आपण मात्र रिलीज झाला की रेझ्युमे अपडेट करतो.

आणि हेन्री? २००८ मध्ये तो गेला, तोवर पुस्तकांत तो नुसता 'एच. एम.' होता.