बाग दुपारी बंद का?

मध्यंतरी एका नातेवाइकांना भेटायला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात गेले होते. भेटायच्या वेळेला अजून अवकाश होता. ऊन तर मी म्हणत होतं. मग सरळ जवळच्या टाऊन हॉलच्या बागेत जाऊन बसले. झाडाखाली बघते तर निम्म्याहून जास्त बायकाच. कुणी डबा सोडून बसलेली, कुणी पदर अंथरून लेकराला निजवलेलं, एक आजी चपला उशाला घेऊन आडवी झालेली. शेजारच्या बाईंना विचारलं, "मावशी, कुठल्या तुम्ही?" त्या राधानगरीकडच्या. मालकांना अ‍ॅडमिट करून चार दिवस झालेले. म्हणाल्या, "वार्डात किती वेळ बसू देतात वो? हितं सावली हाय, चार बायका हायत. जीवाला बरं वाटतंय."

ही बाग काही खास त्यांच्यासाठी केलेली नाही. तिथली काळ्या दगडाची, उंच निमुळत्या छपरांची टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. मेजर चार्ल्स मॅन्ट हे तिचे वास्तुरचनाकार. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. संस्थानातल्या प्रतिष्ठित मंडळींच्या सभा-समारंभांसाठी हा हॉल आणि त्याच्याभोवती शोभेला बाग, अशी ती कल्पना. पुढे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या वस्तूंसाठी वस्तुसंग्रहालय निघालं आणि १९४९मध्ये ते या इमारतीत आलं. रोमन काळातली समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्ती इथेच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापूरचा व्यापार कुठपर्यंत पोचला होता, ते ती एवढीशी मूर्ती सांगते. बाहेर बागेत जुन्या तोफा आहेत, कोरीव दगड आहेत. आणि आता त्या तोफांच्या आसपास राधानगरीच्या मावशी भाकरी खातात. मला तर बागेचा हा उपयोग मूळच्यापेक्षा चांगला वाटला.

पण घरी येताना मनात आलं, या बायका दुपारी दोन वाजता बागेत बसू शकल्या, ते कशामुळे? आत वस्तुसंग्रहालय आहे, दिवसा लोकांची ये-जा असते, म्हणून फाटक उघडं असतं. आमच्या गावात असत्या तर?

आमच्याकडेही जुनी बाग आहे. संस्थानच्या वेळची. मोठमोठी चिंचेची, आंब्याची झाडं, मधे कोरडा पडलेला दगडी हौद, एक कोनाड्यांची भिंत. फाटकावर पाटी आहे, सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ. मधल्या वेळात कुलूप. ही काही आमच्याच गावची तऱ्हा नव्हे. पुण्यासारख्या शहरातसुद्धा अनेक सार्वजनिक बागा दुपारच्या बंद असतात.

आता मैत्रिणींनो, आपलं घड्याळ या पाटीशेजारी ठेवून बघा. सकाळी सहा ते नऊ म्हणजे पाणी भरणं, डबे, मुलांची शाळा, कुणाची कामाला जायची घाई. संध्याकाळी पाच ते आठ म्हणजे चहा, मुलांचा अभ्यास, देवापुढे दिवा, रात्रीचा स्वयंपाक. घरातल्या बाईला मोकळा वेळ मिळतो तो दुपारी एक ते चार. आणि नेमकी तेव्हा बाग बंद! नोकरी करणाऱ्यांचंही फार वेगळं नाही, डबा खायला सावलीची जागा हवी असते ती दुपारीच. शेतमाल विकायला आलेल्या, बँकेच्या रांगेत उभ्या राहून दमलेल्या, कोर्टाच्या तारखेला आलेल्या खेड्यातल्या बायका तर एसटी स्टँडवर बसतात, नाहीतर दुकानांच्या पायऱ्यांवर. पाटी लिहिणाऱ्याने मुद्दाम बायकांना वगळलं असेल असं मी म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो, इतकंच. त्याच्यापुढे होते ते सकाळी फिरायला येणारे पेन्शनर आणि संध्याकाळी येणारी चौकोनी कुटुंबं.

मी चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं, "वहिनी, दुपारी टवाळ पोरं येतात, पत्ते कुटतात, जोड्या बसतात. बायकामाणसांना त्रास नको म्हणून बंद ठेवतो." म्हणजे बघा, त्रास देणारी पोरं, आणि कुलूप मात्र सगळ्यांना. वर ते आपल्याच भल्यासाठी!

यावर आपल्याकडे चांगला अभ्यास झालेला आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या सार्वजनिक जागांवर संशोधन करून २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातलं एक म्हणणं मला फार पटतं. बाई सार्वजनिक जागी असते तेव्हा तिला सतत काहीतरी कारण दाखवावं लागतं. मुलाला आणायला आले, भाजी घ्यायला आले, व्यायामाला आले. पुरुष मात्र पानाच्या टपरीवर तासभर नुसता उभा राहतो, त्याला कुणी 'इथे काय करताय' म्हणून विचारत नाही. दुसरं असं, की एखादी जागा निर्धोक होते ती 'नको ती' माणसं हाकलून नव्हे, तर तऱ्हेतऱ्हेची माणसं तिथे असल्याने. टाऊन हॉलच्या बागेत मावशींना बरं का वाटलं? चार बायका होत्या म्हणून. आमच्या बागेत दुपारी पन्नास बायका बसल्या, तर पत्त्यांचा डाव आपोआप दुसरीकडे हलेल. आणि जोड्यांचं म्हणाल, तर दोघं बाकावर गप्पा मारत बसली तर आपलं काय जातं? मला माहीत आहे, हे वाचून काहीजणी नाक मुरडतील. पण आज कॉलेजच्या पोरीला हुसकावून लावणारा रखवालदार उद्या एकट्या बसलेल्या बाईलाही विचारणारच, "कोण पाहिजे?"

मुलींबद्दल एक गोष्ट मला फार विचारात पाडते. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकात पाहणी झाली. तेव्हा दिसलं, की साधारण नऊ वर्षांच्या झाल्या की मुली बागेत यायच्या एकदम कमी होतात. मुलगे मात्र येतच राहतात. कारण काय? मधलं मोठं खेळाचं मैदान मुलगे अडवायचे, आणि त्यांच्याशी भांडून जागा मिळवण्यापेक्षा मुली घरी बसायच्या. मग १९९९ पासून तिथल्या दोन बागांमध्ये प्रयोग केला. एकच मोठं मैदान होतं त्याचे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, पायवाटा वाढवल्या, घोळक्याने बसून बोलता येईल अशा जागा केल्या. मुली परत यायला लागल्या. कुणालाही बाहेर काढावं लागलं नाही.

आपल्याकडे अशी मोजणी करायला पाहणीची गरजसुद्धा नाही. कुठल्याही रविवारी गावातल्या बागेत जा आणि बारा-तेरा वर्षांच्या किती मुली दिसतात ते मोजा. घसरगुंडीवर सात-आठ वर्षांपर्यंतच्या दिसतील. त्यानंतर एकदम दिसतील त्या स्वतःचं लेकरू कडेवर घेऊन आलेल्या. मधली पंधरा-वीस वर्षं त्या कुठे जातात? कोल्हापुरात 'खासबाग' म्हटलं की बाग डोळ्यांसमोर येत नाही, शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान येतं. ते कोल्हापूरचं भूषणच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पोरांसाठी मैदानं, आखाडे, कट्टे असतात तसं पोरींसाठी काय, हा प्रश्न उरतोच.

असो. आता पैशाकडे येऊ. बागांवर पैसा खर्च होत नाही असं मुळीच नाही. केंद्राची 'अमृत' योजना २०१५ मध्ये पाचशे शहरांसाठी आली. तिच्यात पाणी आणि सांडपाण्याबरोबर हिरव्या जागा आणि बागा हाही एक विषय होता, मुलं आणि वृद्धांचा विचार करा असंही म्हटलेलं होतं. पण निधी आला की आपल्याकडे होतं काय? संगीत कारंजं, रंगीत दिवे, 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव अशी अक्षरं, सिमेंटचे प्राणी. कारंजं उद्‌घाटनापुरतं नाचतं आणि पुढच्या पावसाळ्यात त्याची मोटर जळते. जुन्या बागेचं मोल तिच्या सावलीत आहे. ती सावली ऐंशी-शंभर वर्षं वाढलेली असते, निविदा काढून मिळत नाही. आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली त्याच झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतात! मुळांना पाणी नाही, हवा नाही. मग चार वर्षांनी झाड वठतं आणि 'धोकादायक' म्हणून तोडायला परवानगी मागतात.

इथे कायदा आपल्या बाजूचा आहे, हे माहीत असू द्या. महाराष्ट्राचा शहरी भागातल्या झाडांसाठीचा कायदा १९७५चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज वृक्ष' धरायचं ठरलं. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणं हेही वृक्ष प्राधिकरणाचं काम आहे. तुमच्या गावातल्या जुन्या बागेतली किती झाडं त्या यादीत आहेत? माहिती अधिकाराच्या साध्या अर्जाला दहा रुपये लागतात, एका भेळेच्या निम्मे!

सावलीचा मुद्दा आता हौसेचा राहिलेला नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उन्हाच्या लाटेने शहर होरपळलं, एरवीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू त्या महिन्यात झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. उन्हाळ्यात बागा जास्त वेळ उघड्या ठेवणं हा तिथे वापरलेला एक साधा उपाय. पत्र्याखाली राहणाऱ्या बाईला दुपारी घरात बसवत नाही, हे तिला कुणी सांगायला नको. तेव्हा झाडाखालची ती चार हात जागा बंद ठेवणं म्हणजे तिला पुन्हा पत्र्याखाली ढकलणं झालं.

आणि एक विषय, ज्यावर सभेत कुणी बोलत नाही. स्वच्छतागृह. बागेत स्वच्छतागृह नसेल, किंवा असून कुलपात असेल, तर बाई तिथे तासाभराच्या वर थांबत नाही. मधुमेह असलेली, गरोदर, पाळी चालू असलेली तर येतच नाही. आमच्या बागेत एक आहे, किल्ली कुणाकडे असते ते बागेतला माळी सांगेल, आणि माळी कुठे असतो ते कुणीच सांगणार नाही! कारंज्याच्या खर्चात दोन चांगली स्वच्छतागृहं आणि वर्षभर ती झाडून-पुसून ठेवणाऱ्या बाईचा पगार निघू शकतो. मी हिशेब घालायला बसले तर माझे यजमान म्हणाले, "तू नगरसेवक हो." म्हटलं, नुसतं होऊन भागत नाही हो.

खरंच भागत नाही. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा आपल्या आहेत. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच टक्के रक्कम राखून ठेवायची असते. त्यातून वर्षानुवर्षं शिलाई मशिनं आणि ब्युटी पार्लरचे वर्ग. वाईट आहेत असं नाही, पण बाईची गरज म्हणजे फक्त शिवणं आणि सजणं, हे कुणी ठरवलं? मुदत संपलेल्या कितीतरी नगरपालिका-महापालिकांवर २०२० नंतर वर्षानुवर्षं प्रशासक होते. त्या काळात विचारायचं तरी कुणाला, ही अडचण होती. आता अंदाजपत्रक निघेल तेव्हा बागेच्या पानावर काय लिहिलंय ते वाचायला मागा. कारंजं असेल तर त्याच्या देखभालीला किती ठेवलेत, तेही विचारा.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहायला हवं. 'बागेचा उपयोग वाढवू' म्हटलं की लगेच खाऊगल्ली, प्रदर्शन, लग्नाचं लॉन अशा कल्पना पुढे येतात. आपल्या बचत गटांनाही स्टॉल मिळेल म्हणून आपण खूश होतो. दोन दिवसांचा मेळावा ठीक आहे. पण कायमचे स्टॉल लागले की जिच्या पर्समध्ये पैसे नाहीत तिला बाकावर बसायला संकोच वाटतो. फुकट बसता येणं हाच तर सार्वजनिक बागेचा अर्थ. तिकीट लावायलाही माझा विरोध आहे, पाच रुपयांचं असलं तरी. चार लेकरं घेऊन आलेल्या बाईला ते पंचवीस होतात.

आम्ही काय केलं ते सांगते. भिशीतल्या आम्ही अठरा जणींनी अर्ज दिला, दुपारी बारा ते पाच बाग उघडी ठेवा म्हणून. पहिल्यांदा माणूस नाही म्हणाले. मग आम्ही म्हटलं, दोन महिने करून तर बघा, आम्ही पाळीपाळीने येऊन बसतो. लेखी काही मिळालं नाही, पण माळ्याला सांगितलं गेलं. आता फाटकाची एकच झडप उघडतो तो, दुसरीला साखळी असतेच. पहिल्या आठवड्यात आम्हीच आम्ही होतो, मटार सोलायला घेऊन गेलेलो, कारण नुसतं बसायची लाज वाटत होती! तिसऱ्या आठवड्यात पंचायत समितीत कामाला आलेल्या दोघी डबा घेऊन आल्या. मग शेजारच्या शाळेबाहेर मुलांची वाट बघत उन्हात उभ्या असायच्या त्या आया. पत्तेवाले अजून आहेत, हौदाच्या पलीकडे. स्वच्छतागृहाची किल्ली अजून मिळालेली नाही, त्यासाठी दुसरा अर्ज गेल्या सोमवारी दिलाय.