ढेकूण सापडला तर लाज कशाची?

वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी आपली पोरं हातावर उठलेल्या गांधी शर्टाच्या बाहीखाली लपवतात. कारण एकच : 'ही लोकं राहतातच घाण' हे वाक्य पुन्हा ऐकायला नको. पण या लाजेला शास्त्राचा काही आधार आहे का?

अजिबात नाही. ढेकूण घाण खात नाही, रक्त पितो. तो बॅगेतून, जुन्या गादीतून, भिंतीच्या फटीतून येतो. 2023 साली पॅरिसमध्ये ढेकणांवरून गदारोळ उठला, फ्रान्समध्ये काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या, मंत्र्यांनी बैठका घेतल्या. तिथे तो सरकारचा प्रश्न ठरला. आपल्याकडे मात्र तो विद्यार्थ्याचा दोष कसा ठरतो? गर्दीच्या खोल्या, वर्षानुवर्षे न बदललेल्या गाद्या, मोडक्या खाटा ही जबाबदारी कोणाची?

मात्र प्रश्न विचारायचा तर पुरावा हातात हवा. नुसत्या चाव्यावर जाऊ नका. डास, पिसवाही चावतात, आणि ढेकूण चावूनही काहींच्या अंगावर काहीच उठत नाही. रात्री टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी, खाटेचे सांधे, भिंतीच्या फटी, कॅलेंडरची मागची बाजू तपासा. शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके दिसले तर ओला कापूस फिरवा. तपकिरी फराटा उठला तर बहुधा ती ढेकणाची विष्ठा आहे. चादरीवर रक्ताचे बारीक डाग, पिवळट कात, मिलिमीटरभर पांढरी अंडी ही बाकीची लक्षणे. मोठा ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तांबूस असतो. सुट्टीत खोली बंद होती म्हणून निर्धास्त राहू नका. रक्ताशिवाय तो कित्येक महिने तग धरतो.

खूण सापडली की फोटो काढा, तारीख टाका, शेजारच्या खोल्याही तपासा. एका खोलीत फवारून काही होत नाही, ढेकूण पलीकडे सरकतो आणि परत येतो. अनेक ठिकाणी तो नेहमीच्या औषधांना दादही देत नाही. म्हणून सर्वांच्या सह्यांचा लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या : सगळ्या खोल्यांची तपासणी, प्रशिक्षित माणसांकडून उपाय, काही दिवसांनी फेरतपासणी. तोवर चादरी, कपडे कडक गरम पाण्यात धुवा. रॉकेल ओतू नका. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या तर खोलीत आणूच नका. त्यांच्या वायूने माणसे मेली आहेत.

ढेकणामुळे रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही, पण झोप जाते. झोप गेली की अभ्यास जातो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून खाजवणारा विद्यार्थी बरोबरीच्या स्पर्धेत आहे, असे कोण म्हणेल?

म्हणून बाही वर करा, गांधी दाखवा आणि अर्ज लिहा. लाज वाटायचीच असेल तर ती अर्ज दाबून ठेवणाऱ्याला वाटू द्या.